पायली बंद झाली तो हंगाम

मार्च निम्मा सरला की मला घरात बसवत नाही. गॅसवर चहा ठेवते आणि अंगणात येते. अंगणात आले की आत काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. मूल गावच्या ज्या गल्लीत मी राहते तिथून जंगल तसं लांबच. जवळ आहे ती भाताची मिल, आणि वर्षातले बहुतेक दिवस आमच्या नाकात कोंडाच असतो. पण या दिवसांत बाजारात खेड्यांवरच्या बाया टोपल्यांतून ओली-सुकी मोहफुलं घेऊन बसतात. तो गोड, जड, जरासा आंबूस वास वांग्यांबरोबर पिशवीतून घरी येतो आणि साडीला चिकटून राहतो. मुलगा म्हणतो, आई, या वासानं डोकं चढतं. मी साडी बदलते, पण चैन काही पडत नाही. दिवसभर हे उघड, ते लाव, याला फोन कर, असं चाललेलं असतं. सून समजूतदार आहे, या महिन्यात ती मला कुठलंही नाजूक काम सांगत नाही.

ज्यांनी मोहाच्या झाडाखाली उभं राहून हंगाम पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. ही फुलं खुडायची नसतात. ती पहाटे आपणहून गळतात. फिकट पिवळी, रसानं टरारलेली. वर पानं जवळपास नसतात, खालचा पाचोळा झाडून, जाळून जागा साफ केलेली असते, आणि उजाडायच्या आधीपासून टपटप सुरू होते. बाया वाकून वेचत असतात. अस्वलालाही हीच फुलं आवडतात आणि त्याची वेळही हीच, म्हणून मधूनच कुणीतरी मोठ्यानं खाकरतं, कुणी भांडं वाजवतं. ऊन चढलं की गळणं मंदावतं, पाठी सरळ होतात, टोपल्या डोक्यावर चढतात. मग अंगणभर फुलं पसरायची, ती चांगली वाळून लाल-तपकिरी झाली की भरून ठेवायची. लोक ती खातात, विकतात, आणि उरलेल्याचं काय करतात ते इथं लिहायची गरज नाही.

माझं माहेर सावली गावचं. वडील भाताच्या मिलमध्ये कामाला होते. आमच्या घरात देव नव्हते. भिंतीवर दोन फोटो आणि त्याखाली पुस्तकांची फळी. विहारात भाषणं ऐकत वाढले, त्यामुळे लग्नानंतर कुठल्याशा संस्थेत काम करते म्हटल्यावर वडिलांना आनंदच झाला. पगार किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण पगार नव्हताच. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडमागे एका खोलीत ती संस्था होती. आम्ही पाचजण होतो. वामनभाऊ आमचे प्रमुख. मास्तरकी सोडून आलेला माणूस. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा पुसायची सवय. चष्मा जितका वेळ पुसला जाई तितकी अडचण मोठी, हे आम्हाला कळून चुकलं होतं.

काम म्हणजे जंगलातल्या गावांबरोबर राहणं. वनहक्काचे दावे तयार करायला मदत करायची, कुणाचं रेशन अडलं, कुणाला पकडून नेलं, तर सोबत जायचं आणि बोलायचं. बोलणं हेच मुख्य. कचेरीतल्या टेबलापुढे गावचा माणूस मराठीतून बोलायला बिचकतो. त्याच्या घरात गोंडी चालते, आणि टेबलापलीकडची मराठी त्याच्या बाजारातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. आम्ही शेजारी उभे राहिलो की त्याचा आवाज फुटायचा. कित्येकदा आम्हाला काही बोलावंच लागायचं नाही.

त्या गावांमधलं एक गाव मला जास्त जवळचं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. मोहाचा हंगाम सरला की त्या गावात आमच्यासाठी पायली निघायची. म्हणजे दर घरामागे एक पायली, धान्य मोजायचं ते माप भरून, वाळलेली मोहफुलं. गोटुलाच्या पडवीत, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, एक मोठं ताडपत्रीचं कापड पसरलेलं असे आणि एकेक घर येऊन आपली पायली त्यावर पालथी करत असे. आजूबाजूची गावंही आपापल्या परीनं द्यायची, कुणी धान, कुणी लाखोरीची डाळ. पण सुरुवात या गावाची. ती पोती आम्ही बसच्या टपावर टाकून आणायचो आणि मूलच्या बाजारात विकायचो. ऑफिसच्या खोलीत ती पडून असायची तेव्हा मुंग्या, माश्या आणि वास यांनी जीव नकोसा व्हायचा. बसस्टँडवरचे कंडक्टर वामनभाऊंना विचारायचे, भाऊ, समाजसेवा करता की भट्टी लावता?

त्या गावची मैनीबाई पायली द्यायला आली की मजा असे. त्या वेळी ती साठीच्या अलीकडेपलीकडे असेल. ठेंगणी, हातांवर गोंदण, आणि हिशोबाला अतिशय चिकट. गावातली बहुतेक बायामाणसं यंदाची फुलं द्यायची. मैनीबाई हमखास गेल्या सालची, किडे पडलेली घेऊन यायची आणि चेहऱ्यावर दानशूर कर्णाचा भाव. मी एकदा मूठभर उचलून तिला किडा दाखवला तर म्हणाली, तो बी तुमचाच, घेऊन जा. सगळी पडवी हसली. मीही हसले. पुढच्या वर्षी तिनं परत तेच केलं.

पण पायली टाकून झाली की हसणं थांबायचं. मग सगळे बसायचे, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि आम्ही पाचजण मध्ये. त्या बैठकीत आम्हाला विचारायचे. वर्षभर कुठं गेलात, कोणासाठी बोललात, आमच्याबद्दल काय सांगितलंत. कुणाच्या सांगण्यावरून सांगितलंत. दुपार कलेपर्यंत हे चालायचं. एका वर्षी वामनभाऊ नागपूरला कसल्याशा मोठ्या परिषदेत भाषण करायला गेले होते आणि त्याच दिवशी गावातल्या एकाची कोर्टाची तारीख होती. त्या बैठकीत भाऊंना असं काही झोडपलं की त्यांनी चष्मा पुसायलासुद्धा काढला नाही. परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता हे नाराज होतील. तर ते म्हणाले, "मास्तर होतो तेव्हा माझी अशी परीक्षा कुणी घेतली नाही." आणि बरेच खुशीत होते.

हे सगळं मी गोड करून सांगते आहे का? असेन. त्या दिवसांत आमच्यातल्या एकाच्या बायकोनं दागिना विकून बाळंतपण काढलं. मी स्वतः सावलीला माहेरी जायला बसचे पैसे नाहीत म्हणून एका राखीला घरीच बसले. गरिबीत काही तेज वगैरे नसतं. तिच्यात माणूस चिडचिडा होतो, आणि आम्ही चिडचिडे होतोच.

मग सरकारी प्रकल्प आला. आला म्हणजे वामनभाऊंनीच दोन वर्षं चपला झिजवून आणला. गावांत मोहफुलांसाठी जाळ्या द्यायच्या, म्हणजे झाडाखाली पाचोळा जाळावा लागत नाही आणि फुलं मातीत पडत नाहीत. वाळवायला मांडव द्यायचे, बायांचे गट बांधायचे, त्यांना विक्रीचं शिकवायचं. कामात खोट काढावी असं काहीच नव्हतं. जिल्ह्याच्या कचेरीत ज्या साहेबांकडे हे काम होतं ते मन लावून काम करणारे गृहस्थ होते. खेड्यात आले की जमिनीवर बसायचे, दिलं ते खायचे. ते वाईट असते तर पुढचं सगळं मला समजायला फार सोपं गेलं असतं.

पहिला पगार हातात आला तेव्हा मी मूलच्या बाजारातून स्टीलचे डबे घेतले, आणि घरी येऊन ते उगाचच परत परत मांडले. ऑफिसला दोन खोल्या झाल्या, पंखा आला, मोटारसायकल आली. ज्याच्या बायकोचा दागिना गेला होता त्यानं तो पुन्हा घडवला, म्हणजे दुसरा, जरा जाडच. आम्ही सुखात होतो हे सांगायला मला कसलीही लाज वाटत नाही.

त्या वर्षी हंगाम संपल्यावर गावात ताडपत्री पसरली गेली. वामनभाऊ उभे राहिले. चेहरा उजळलेला. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही पोटाला चिमटा घेऊन आम्हाला पोसलं. आता सरकार आम्हाला पगार देतं. आता तुमच्या ताटातलं आम्ही घेणार नाही. यंदापासून पायली बंद.

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. निदान कुणीतरी हसेल. कुणीच काही केलं नाही. बाया पायल्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी मैनीबाई म्हणाली, "काऊन भाऊ, आमची पायली कमी पडून राह्यली का?" भाऊ म्हणाले, तसं नाही बाई, तुमच्यावर भार नको. तिनं पायली उचलली आणि घरी निघून गेली. तिच्या मागोमाग इतरही उठले. त्या दिवशी बैठक झालीच नाही, कारण पायली टाकल्याशिवाय बैठक होत नसे. आम्हाला वाटलं, आज लोक दमलेत, पुढच्या वेळी बसू. वेळेवर बस मिळाली म्हणून आम्ही खूश झालो.

इतक्या प्रेमानं, इतक्या चांगल्या मनानं केलेली चूक मी दुसरी पाहिलेली नाही. गरिबाकडून घ्यायचं नाही, हे आम्हाला पुण्याचं वाटत होतं. त्या एका पायलीवर गाव आम्हाला उभं करून प्रश्न विचारत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ती उचलून घरी नेली आणि तिच्याबरोबर प्रश्नही घरी गेले.

आणि पुढे जे होत गेलं ते कुणी केलं म्हणून सांगू? आम्हाला कधीही कुणीही, हे बोलू नका, असं म्हटलेलं नाही. असं कुठं लिहिलेलंही नव्हतं, मी सगळे कागद वाचले होते. आम्हीच शिकलो. पूर्वी आम्ही निवेदनात अन्याय लिहायचो, आता अडचण लिहू लागलो. एखाद्या गावात काही घडलं की आधी मनात यायचं, हे आपल्या साहेबांच्या हाताखालच्या कुणाचं काम तर नाही ना. मग जरा थांबू, माहिती घेऊ, म्हणायचो. माहिती घेता घेता प्रकरण थंड व्हायचं. गावात गेलो की आमच्यासाठी खुर्च्या निघायच्या. जाळ्या वाटताना फोटो काढावे लागत, तर लोक स्वतःहून रांगेत उभे राहू लागले, कुणी सांगायच्या आधीच. आणि मार्च आला की आम्हाला काही सुचत नसे. झालेला खर्च, राहिलेला खर्च, त्याची बिलं, त्याचे दाखले. बाहेर मोह गळत असायचा आणि आम्ही पंख्याखाली बसून मोहावरचे अहवाल लिहायचो. सगळा हंगाम मी खिडकीतून ऐकला, असं एक साल गेलं.

परवा चिमूरकडच्या एका मुलीचा फोन आला. चारजणींचा गट आहे त्यांचा, शेतमजूर बायांबरोबर काम करतात. त्यांना सरकारी योजना चालवायला मिळते आहे. घेऊ का, म्हणून विचारत होती. मी खोलीभर फेऱ्या मारत तिच्याशी बोलले. म्हटलं, घे. सरकारचा पैसा म्हणजे कुणा साहेबाच्या घरचा नाही, तो आपलाच आहे. तेंदूपानाच्या पुड्यापासून काडेपेटीपर्यंत आपण सगळे कर भरतोच. मग म्हटलं, नको घेऊस. मग म्हटलं, न घेऊन काय करशील? खाणवाल्या कंपनीकडून घेशील? तिला तर तिच्या नावाचा बोर्ड हवा असतो, आणि धुळीबद्दल बोललेलं चालत नाही. बाहेरदेशातून घेशील तर गावभर तुझ्याबद्दल कुजबूज. वर्गणीवर चालवशील तर तुझ्या पोरीला शाळा सोडावी लागेल. ती शेवटी म्हणाली, "मावशी, म्हंजे तुमाले बी मालूम नाई." मी म्हटलं, नाही. एक मात्र सांगितलं, बायांकडून जे थोडंफार घेता ते बंद करू नका, कितीही पगार झाला तरी. तिला ते फारसं पटलं नसावं. शेतमजूर बाईकडून काय घ्यायचं, असं तिच्या आवाजात होतं. आमच्याही होतंच की. फोन ठेवल्यावर मी कपाट आवरायला काढलं आणि अर्धं तसंच टाकून बाहेर गेले.

ज्या हंगामाची आठवण मला मार्चमध्ये घरात बसू देत नाही तो पायली बंद झाल्यानंतर काही वर्षांनी आला. गावाच्या वरच्या अंगाला जे जंगल आहे त्यातला एक तुकडा तोडणीला काढायचं ठरलं. त्याला इकडे कूप म्हणतात. साग, येन, धावडा, अशा झाडांच्या बुंध्यांची साल तासून त्यावर घणाचे छाप मारले गेले. हे जंगल गावानं सामूहिक हक्कात मागितलेलं होतं. दावा आम्हीच त्यांच्याबरोबर बसून लिहिला होता, सीमा आम्हीच त्यांच्यामागून फिरून पाहिल्या होत्या. निर्णय व्हायचा बाकी होता. आता तालुक्याच्या कचेरीत बैठक होती, आणि तिथे गावानं हरकत सांगायची होती. नाही सांगितली तर कूप पडणार, आणि एकदा झाडं पडली की मग हक्क मिळाला काय आणि न मिळाला काय.

ही बातमी आम्हाला चहाच्या टपरीवर कळली. दुसऱ्याच एका गावच्या माणसाकडून, सहज बोलता बोलता. पूर्वी घण पडायच्या आधी गावातून कुणीतरी सायकल मारत आलं असतं.

बैठकीला आमचेच साहेब बसणार होते. प्रकल्पाचं पुढच्या वर्षाचं मंजुरीपत्र त्यांच्याच सहीनं निघायचं होतं, त्याच मार्चमध्ये. वामनभाऊ काहीतरी कामासाठी त्यांना भेटून आले. मी विचारलं, काही बोलले का? भाऊ म्हणाले, काही नाही, चहा पाजला. तुमचं पत्र टेबलावर आहे, काळजी करू नका म्हणाले. एवढंच. आणि खरोखर एवढंच असणार, त्यात दुसरं काही नसणार. पण भाऊंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसतच बसले.

त्या दिवशी आम्ही सगळे गोल बसलो. तरुण दोघं म्हणाले, जाऊ या. एकजण म्हणाला, घरात लहान पोर आहे, विचार करा. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही, बहुधा दोन्ही म्हणाले असेन. मग भाऊंनी चष्मा लावला आणि म्हणाले, "गावानं बोलावलं तर मी जाणार. प्रकल्प गेला तर गेला." आम्हाला एकदम हलकं वाटलं. कुणीतरी भजी आणली. पुढचे काही दिवस आमच्या ऑफिसात जुने दिवस परत आल्यासारखं झालं होतं. भाऊंनी नियम काढून वाचले, मुद्दे काढले, रेषा मारून ठेवल्या. आणि आम्ही वाट पाहू लागलो.

निरोप आला नाही. भाऊ मोटारसायकलचा आवाज आला की दाराशी जायचे. फोन चार्ज झालाय ना, म्हणून पुन्हा पुन्हा पाहायचे. मी म्हटलं, आपणच जाऊन विचारू या. ते म्हणाले, न बोलावता कसं जायचं, गावाचा निर्णय आहे. खरं म्हणजे न बोलावता तर आम्ही नेहमीच जायचो. आजही मला समजत नाही, त्यांना निरोप यावा असं किती वाटत होतं आणि येऊ नये असं किती. त्यांना तरी समजत होतं का कोण जाणे. आता ते नाहीत, विचारता येत नाही. संस्था आहे, तिची दुमजली इमारत आहे, आत चांगली तरुण माणसं चांगली कामं करतात. रस्त्यानं जाताना मी तिकडे पाहते आणि माझी पावलं आपोआप भरभर पडू लागतात.

बैठक झाली त्या संध्याकाळी तालुक्याच्या एका वार्ताहरानं येऊन सांगितलं. सगळं गाव ट्रॅक्टरनं आलं होतं. बाया पुढे बसल्या. बोलले ते स्वतःच, मोडक्यातोडक्या मराठीत, मध्ये मध्ये गोंडीत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कूप त्या वर्षापुरता थांबवला. वार्ताहर आम्हाला विचारत होता, तुम्ही कसे काय नव्हता? भाऊ म्हणाले, गाव समर्थ झालं, यापेक्षा आम्हाला दुसरं काय हवं. अगदी तयार असल्यासारखं वाक्य. ते दुसऱ्या दिवशी छापूनही आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत असं वहिनींनी नंतर सांगितलं. आठवड्याच्या आत मंजुरीचं पत्र आलं.

माझ्यानं राहवेना. पहिल्या बसनं निघाले आणि फाट्यावरून चालत गेले. पळस फुलून ओसरत आला होता, कुसुमाला लाल पालवी होती, आणि नाल्याच्या अलीकडूनच तो वास सुरू झाला. गावात कुणी नव्हतं, सगळे जंगलात. मैनीबाई कुठल्या झाडाखाली असेल ते मला माहीत होतं. ती तिथंच होती, वाकलेली. आमची हिरवी जाळी तिच्या झाडाखाली नव्हती. ती तिनं घरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती, हे मला नंतर दिसलं. तिनं मान वर करून पाहिलं, म्हणाली, आल्या का मॅडम. पूर्वी शालूबाई म्हणायची. मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी वेचायला लागले. कमरेला सवय राहिली नव्हती. 

मग मीच विषय काढला. म्हटलं, छान झालं बाई, कूप थांबला. ती म्हणाली, यंदा थांबला. मी म्हटलं, आम्हाला का नाही बोलावलं? आम्ही आलो असतो. भाऊ तर तयारी करून बसले होते, रोज वाट पाहत होते. सांगताना माझा आवाज चिरका झाला, कारण मला राग आला होता. इतकी वर्षं सोबत काढली आणि ऐन वेळी आम्हाला परकं केलं, असा तो राग होता.

मैनीबाईनं हातातली फुलं टोपलीत टाकली आणि बसकण मारली.

"गोटुलात बसलो तवा पोट्टे म्हणे, भाऊले फोन लावा," ती म्हणाली. "मीच म्हटलं, नका लावू. भाऊ आला असता तं तुमची रोजी गेली असती. तुह्याबी घरी लेकरं हायेत. अन् नाई आला असता तं त्याले आमच्या तोंडावर नाई म्हणा लागलं असतं. भला माणूस हाय तो. त्याले नाई म्हणा लागू नये म्हून विचारलंच नाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, फार शोधला. सापडला असता तर भांडता आलं असतं. आजारी माणसाला जसं शेजारची माणसं जड काम सांगत नाहीत, तसं तिनं ते सांगितलं. गोटुलात सगळ्या गावानं बसून आमची लाज राखायचं ठरवलं होतं. आम्ही तिकडे निरोपाची वाट पाहत होतो आणि इकडे निरोप न पाठवणं हेच त्यांनी आमच्यासाठी केलेलं शेवटचं काम होतं.  वरून फुलं पडतच होती, माझ्या पाठीवर, तिच्या डोक्यावर.

ऊन चढलं. मैनीबाई उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चाला मॅडम, घरी चाला. जेवून जा."

त्या घरात इतक्या वर्षांत मला कुणी कधी जेवून जा म्हटलं नव्हतं. मी आपली चुलीपाशी बसायचे आणि झाकण काढून हातानं वाढून घ्यायचे.